‘डिलिजंट’ आणि ‘असिड्युअस’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषांतर आणि मुद्रितशोधन हे माझं रोजचं काम. त्यामुळे ओळखीत कुणाचा इंग्रजी शब्द अडला की फोन माझ्याकडे येतो. या दोन विशेषणांवरून इतक्यांदा विचारणा झाली की शेवटी सगळी उत्तरं एका जागी लिहून काढली. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही माझ्यासारखंच काम करणाऱ्यांचे, आणि शेवटचा घरचा.

थोडक्यात सांगा, फरक काय?

डिलिजंट माणूस काम निगुतीने करतो, असिड्युअस माणूस काम धरून बसतो. पहिल्यात काळजी महत्त्वाची, दुसऱ्यात सातत्य. शंका आली की मी उलट्या बाजूने जाते. या माणसाच्या नेमकं उलट कोण, हलगर्जी माणूस की धरसोड करणारा? हलगर्जी असेल तर डिलिजंट लिहायचं, धरसोडीचा असेल तर असिड्युअस. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

पण कोशात तर दोन्हींपुढे ‘मेहनती, उद्योगी, परिश्रमी’ असंच दिलंय. कोश चुकला का?

चुकला नाही. कोशाला जागा कमी असते, आणि ‘मेहनती’ म्हटलं की वेळ मारून नेता येते. अडचण अशी की ‘मेहनती’ या शब्दात घाम आहे आणि या दोन्ही इंग्रजी शब्दांत घामाचा थेंबही नाही. दिवसभर पोती उचलणारा हमाल मेहनती असतो. त्याने पोती मोजून, ओली-सुकी वेगळी लावली तर तो डिलिजंट. तोच वर्षानुवर्षं एकही खाडा न करता येत राहिला तर असिड्युअस म्हणता येईल. तिन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, पण तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत तिघींना एकाच पाटावर बसवलं की भाषांतर वाचताना ‘मेहनती विद्यार्थी’, ‘मेहनती संशोधक’, ‘मेहनती वाचक’ असा एकच सूर लागतो. मेहनती वाचक म्हणजे काय हो? ‘असिड्युअस रीडर’ होता तो. पुस्तकांना चिकटून बसणारा.

एखादं घरगुती उदाहरण?

बासुंदी. जाड बुडाच्या पातेल्यात दोन लिटर दूध मंद आचेवर ठेवलंय. आता त्यात दोन वेगळी कामं सुरू होतात. एक म्हणजे तिथून न हलणं. तास-सव्वा तास ओट्यापाशी उभं राहायचं, फोन आला तरी तिथेच, दाराची बेल वाजली तर दुसऱ्या कुणाला पाठवायचं. दुसरं म्हणजे बघणं. उलथन्याने बूड खरवडून दूध खाली लागत नाही ना ते पाहायचं, कडेला धरलेली साय सोडवून परत दुधात घ्यायची, आच जराशी वाढली तर लगेच कमी करायची, साखर दूध आटल्यावरच घालायची.

न हलणं म्हणजे असिड्युअस, बघणं म्हणजे डिलिजंट. तास-सव्वा तास उभी राहून मोबाइलमध्ये डोकं घातलेली बाई असिड्युअस ठरेल, पण दूध लागणारच. आणि जिची नजर चोख आहे पण पाय ठरत नाहीत, तिचं दूध उतू जाणार. माझ्या हातून दोन्ही झालंय.

हे शब्द आले कुठून? मुळात तरी वेगळे आहेत का?

मुळात तर फारच वेगळे आहेत, आणि फरक पक्का लक्षात ठेवायचा तर मुळाइतकी चांगली खुंटी नाही.

‘डिलिजंट’च्या मागे लॅटिनमधलं ‘दिलिगेरे’ हे क्रियापद आहे. अर्थ, मोल जाणणं, जीव लावणं, प्रेम करणं. लॅटिन बायबलमध्ये ‘शेजाऱ्यावर प्रेम कर’ या आज्ञेत हेच क्रियापद येतं. त्याच्याही पोटात ‘लेगेरे’ आहे, म्हणजे वेचणं, निवडणं आणि वाचणंसुद्धा. (आपल्याकडे वेचणं आणि वाचणं यांत एका मात्रेचा खेळ आहे, लॅटिनमध्ये एकाच क्रियापदात दोन्ही. निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.) तेव्हा डिलिजंट माणूस म्हणजे सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडणारी बाई. खडा वेगळा, कोंडा वेगळा, दाणा वेगळा. इंग्रजीतला ‘नेग्लिजंट’ हा याच घरातला, त्याच ‘लेगेरे’ला नकार जोडून झालेला. जो वेचतच नाही तो हलगर्जी. म्हणजे वर सांगितलेली उलट्या शब्दाची युक्ती माझी नाही, शब्दांच्या जन्मातच ती आहे.

‘असिड्युअस’ची गोष्ट आणखी जवळची. ‘आद्’ म्हणजे जवळ आणि ‘सेदेरे’ म्हणजे बसणं. जवळ बसून राहणारा तो असिड्युअस. हे ‘सेदेरे’ आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू सख्खे भाऊ. सभासद, संसद, परिषद हे सगळे बसणारेच. आणि ‘उपनिषद’ उलगडून पाहा: उप, नि, सद्. जवळ, खाली, बसणं. गुरूपाशी बसून घेतलेली विद्या. रोमन माणसाने ‘असिदुउस’ म्हटलं आणि आपल्याकडे कुणी ‘उपनिषद’ म्हटलं, तेव्हा दोघांच्या डोळ्यांपुढचं चित्र फार लांबचं नव्हतं. इंग्रजीतला ‘असेसर’ही इथलाच. मुळात तो न्यायाधीशाशेजारी बसणारा मदतनीस, करआकारणी त्याच्याकडे पुढे आली.

मराठीत यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: बैठक. ‘पोरगा हुशार आहे, पण बैठक नाही’ असं आपण म्हणतो ना, तिथे असिड्युअस नसणं हीच तक्रार असते.

आणि असिड्युअसच्या उलट इंग्रजीत ‘डेसल्टरी’ म्हणतात. रोमन सर्कशीत धावत्या घोड्यावरून दुसऱ्या घोड्यावर उडी मारणारा स्वार असे, त्याचं नाव ‘देसुल्तोर’. एक बसलेला, दुसरा उड्या मारणारा. आपली धरसोड हीच की.

जाता जाता एक गंमत. प्राचीन रोमच्या कायद्यात ‘असिदुउस’ म्हणजे जमीनजुमला असलेला, कर भरणारा, ठाव धरून असलेला नागरिक. त्याच्या उलट ‘प्रोलेतारियुस’, ज्याच्याकडे पोरांबाळांखेरीज काही नाही असा. आजचा ‘प्रोलेतारिएत’, आपला ‘सर्वहारा’, तिथून आला. कष्ट करणारा वर्ग एका बाजूला आणि ‘असिड्युअस’ दुसऱ्या बाजूला, असा तो उलटा मामला होता.

उच्चार कसा करायचा?

डिलिजंट: जोर पहिल्या ‘डि’वर. असिड्युअस: जोर ‘सि’वर, सुरुवातीचा ‘अ’ अगदी हलका. ब्रिटिश उच्चार ‘असिड्युअस’, अमेरिकन बोलण्यात ‘असिजुअस’च्या जवळ जातो. नाम करताना ‘डिलिजन्स’ आणि ‘असिड्यूइटी’. या शेवटच्या शब्दात जोर ‘ड्यू’वर सरकतो आणि पहिला ‘अ’ उघडून ‘ॲ’ होतो.

एका दिवसाच्या कामाला ‘असिड्युअस’ म्हणता येईल का?

कानाला खटकतं. ‘काल संध्याकाळी तिने हिशेब डिलिजंटली तपासले’ हे ठीक. ‘काल संध्याकाळी ती असिड्युअस होती’ हे विचित्र, कारण बैठक एका संध्याकाळीत सिद्ध होत नाही. काळ लांब हवा किंवा तीच कृती पुन्हा पुन्हा घडायला हवी.

दोन्ही शब्द कौतुकाचेच आहेत ना?

डिलिजंट जवळजवळ नेहमी कौतुकाचा. ‘डिलिजंट चोर’ म्हटलं तर लोक हसतील, कारण आपण थट्टा करतोय हे कळतं. असिड्युअसला मात्र चांगल्या-वाईटाचं सोयरसुतक नाही. साहेबाच्या मागेपुढे करणारा असिड्युअस असू शकतो. एखाद्या मुलीच्या घराभोवती घिरट्या घालणाऱ्याच्या ‘असिड्युअस अटेन्शन्स’ची वर्णनं जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत भरपूर सापडतात. ‘असिड्यूइटीज’ असं अनेकवचन केलं तर अर्थच होतो एखाद्याची सारखी सरबराई, पुढेपुढे करणं. जवळ बसणं हे मूळ इथे बरोबर वर येतं. कुणाच्या जवळ बसायचं, कशासाठी, हे शब्द सांगत नाही.

टाळण्यासाठीही हा शब्द चालतो. ‘ही असिड्युअसली अव्हॉइडेड द क्वेश्चन.’ प्रश्न येईल तितक्यांदा त्याने तो चुकवला. इथे ‘मेहनतीने प्रश्न टाळला’ असं भाषांतर मी छापील मजकुरात पाहिलंय. ‘कटाक्षाने टाळला’ म्हणा, काम झालं. ‘कटाक्षाने’ हा शब्द अशा जागी इतका चपखल बसतो की तो विसरला कसा जातो याचंच नवल.

बँकेत आणि कोर्टात ‘ड्यू डिलिजन्स’ म्हणतात, ‘ड्यू असिड्यूइटी’ का नाही?

कारण कायद्याला तुम्ही किती दिवस बसला होता यात रस नसतो, तुम्ही योग्य ती खबरदारी घेतली होती का, यात असतो. अमेरिकेतल्या १९३३ च्या सिक्युरिटीज कायद्यानंतर हा शब्दप्रयोग व्यापारात रुळला. रोखे विकताना वाजवी तपास केला होता हे दाखवता आलं तर बचाव मिळे, त्या बचावाला हे नाव पडलं. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ६, नियम १७ च्या परंतुकात हाच शब्द आहे. सुनावणी सुरू झाल्यावर दावा-कैफियत दुरुस्त करायची असेल तर ‘ड्यू डिलिजन्स’ बाळगूनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता, हे न्यायालयाला पटवावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या निर्देशांतही ‘कस्टमर ड्यू डिलिजन्स’ आहेच.

फ्लॅट घेताना वकील जो सर्च रिपोर्ट देतात तो याचा अगदी हातात धरता येईल असा नमुना. दुय्यम निबंधकांकडच्या नोंदी, इंडेक्स टू, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मागची तीस वर्षं. कुठे बोजा आहे का, कुठल्या वारसाची सही राहिली आहे का. एक नोंद नजरेतून सुटली तर बाकीची सगळी वर्षं पाहून काही उपयोग नाही. तांदळातला खडा शोधण्याचंच काम ते. मराठी कागदपत्रांत काय लिहावं? वर्तमानपत्रं सरळ ‘ड्यू डिलिजन्स’ लिहितात. मी ‘रीतसर खबरदारी’ लिहिते, आणि पक्षकार नेमका कोणता मसुदा मागतात त्यावर शेवटी ठरतं.

शिफारसपत्रात किंवा बायोडेटात कोणता वापरू?

बायोडेटात दोन्ही नको. स्वतःला असिड्युअस म्हणवून घेणारा माणूस कोश उघडून बसलाय असं वाटतं. काय केलं ते लिहा.

शिफारसपत्राची गोष्ट वेगळी आणि जरा नाजूक. ‘डिलिजंट’ एकटाच आला तर तो कौतुकाऐवजी सांत्वन वाटू शकतो. ‘अ डिलिजंट स्टुडंट’ एवढंच लिहून पुढे काही नसेल, तर वाचणारा समजतो की मुलगा प्रामाणिक आहे, पण चमक नाही. स्थळ सुचवताना ‘मुलगा कष्टाळू आहे हो’ म्हटल्यावर समोरचे जसे क्षणभर गप्प होतात, तसं. परदेशी विद्यापीठासाठी लिहिलेल्या एका पत्रात मी हा शब्द दोनदा घातला होता. ज्या प्राध्यापकांच्या सहीने पत्र जाणार होतं त्यांनी वाचून विचारलं, ‘हिला नाकारायचंय का तुम्हाला?’ मग दोन्ही काढून टाकले आणि तिने एका जुन्या सर्वेक्षणातली बेरजेची चूक कशी पकडली ते चार ओळींत लिहिलं.

मराठीत यांना नेमके शब्द कोणते?

एकास एक शब्द मिळत नाही, वाक्य बघून घ्यावा लागतो. डिलिजंटसाठी निगुतीचा, दक्ष, काटेकोर, तत्पर. क्रियाविशेषण हवं तर ‘निगुतीने’, ‘मन लावून’, ‘डोळ्यांत तेल घालून’. असिड्युअससाठी चिकाटीचा, ‘नेटाने’, ‘सातत्याने’, ‘ठाण मांडून’, आणि वर म्हटलं तसं ‘कटाक्षाने’.

एक शब्द मात्र मला या सगळ्यांहून वरचा वाटतो: साक्षेपी. आज तो ‘साक्षेपी संपादक’, ‘साक्षेपी समीक्षक’ एवढ्यापुरताच उरलाय आणि तिथे तो डिलिजंटच्या जवळ जातो, पारखून, तपासून काम करणारा. पण जुन्या मराठीत साक्षेप म्हणजे नेटाचा उद्योग, आळसाच्या थेट विरुद्ध. समर्थ रामदास दासबोधाच्या अकराव्या दशकात कार्यकर्त्याला काय काय हवं ते मोजून सांगतात: पहिलं हरिकथानिरूपण, दुसरं राजकारण, तिसरं सर्व विषयांत सावधपण, चौथा अत्यंत साक्षेप. सावधपण आणि साक्षेप त्यांनी वेगळे मोजलेत, हे बघा. तिसऱ्याला डिलिजंट आणि चौथ्याला असिड्युअस म्हटलं तर फार चुकणार नाही. कष्टाळू हा शब्द त्या यादीत नाही.

‘सेड्युलस’ म्हणून आणखी एक शब्द दिसतो. तो काय?

असिड्युअसचा दुर्मिळ चुलत भाऊ म्हणतात, पण नातं दिसतं तसं नाही. आवाजावरून तोही ‘बसण्या’तला वाटतो, प्रत्यक्षात लॅटिनमधल्या ‘से दोलो’पासून, म्हणजे ‘कपटावाचून’, मनापासून. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने, आपण तरुणपणी थोर लेखकांची ‘सेड्युलस एप’सारखी, म्हणजे इमानी माकडासारखी नक्कल करत शिकलो, असं लिहिलं आणि तेव्हापासून हा शब्द बराचसा त्या माकडाच्या पाठीवर बसूनच फिरतो. वाचताना ओळखता आला की पुरे.

आणि ‘इंडस्ट्रियस’?

सतत काहीतरी करत असणारा, उद्योगी. मुंगी, मधमाशी. यात काळजीपेक्षा हालचाल जास्त. ‘इंडस्ट्री’चा आधीचा अर्थ कामसूपणा, कारखाने मागाहून आले. मराठी ‘उद्योग’ही नेमका तसाच चालला: उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी, ही म्हण आधीची, उद्योगमंत्री नंतरचे. फक्त ‘नसते उद्योग’ हा अर्थ इंग्रजीत नाही. ‘इंडस्ट्रियल’शी गल्लत करू नका, तो शब्द माणसाला लागत नाही.

एकच माणूस दोन्ही असू शकतो का?

हो, आणि मोठी कामं अशाच माणसांनी केली आहेत. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचं संपादन हाती घेतलं. घराच्या आवारात पत्र्याची खोली उभारली, तिचं नाव ‘स्क्रिप्टोरियम’. जगभरातून स्वयंसेवक वाचकांनी पाठवलेल्या लाखो चिठ्ठ्या तिथल्या कप्प्यांत लावल्या जात. एका शब्दाचं एक वापराचं उदाहरण एका चिठ्ठीवर. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि तो ‘ए’ अक्षरही पुरं करू शकला नव्हता. मरे १९१५ मध्ये गेले तेव्हा काम सुरूच होतं, कोश पुरा झाला १९२८ मध्ये.

एकेका चिठ्ठीवरचं अवतरण पारखून घेणं हे डिलिजन्स. छत्तीस वर्षं त्या पत्र्याखाली बसणं ही असिड्यूइटी. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, दप्तरं धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. ते एका जागी बसले नाहीत, पण असिड्युअस म्हणायला माझी हरकत नाही. कागदांपाशी तर बसलेच.

पुढे कोणतं शब्दयोगी लागतं? स्पेलिंगची काही खूण?

दोन्हींपुढे ‘इन’ किंवा ‘अबाउट’. ‘डिलिजंट इन हर ड्यूटीज’, ‘असिड्युअस इन हिज अटेंडन्स’. ‘फॉर’ लावू नका. असिड्युअसमध्ये ‘एस’ सुरुवातीलाच जोडीने येतो आणि एक शेवटी, म्हणजे एकूण तीन. डिलिजंटच्या शेवटी ‘ई-एन-टी’, ‘ए-एन-टी’ नाही.

‘आर्ड्युअस’ आणि ‘ॲसिड्युलस’ हेही हेच का?

नाही. ‘आर्ड्युअस’ म्हणजे दमवणारं, चढणीचं. तो कामाला लागतो, माणसाला नाही. ‘आर्ड्युअस ट्रेक’ असतो, ‘आर्ड्युअस ट्रेकर’ नाही. ‘ॲसिड्युलस’ म्हणजे किंचित आंबट, चवीला किंवा बोलण्याला. त्याचं नातं ॲसिडशी. एका हस्तलिखितात एका दिवंगत समाजसेवकांना ‘ॲसिड्युलस वर्कर’ केलं होतं. वेळीच दिसलं.

स्पर्धा परीक्षेत समानार्थी शब्द विचारला तर?

तिथे ही सगळी चर्चा विसरा. ‘असिड्युअस’पुढे पर्यायांत ‘डिलिजंट’ असेल तर त्यावरच खूण करा, तेच उत्तर अपेक्षित असतं. विरुद्धार्थी विचारलं तर ‘लेझी’, ‘आयडल’, ‘नेग्लिजंट’ यांपैकी जे असेल ते.

दहावीच्या निबंधात ‘हार्डवर्किंग’ऐवजी ‘असिड्युअस’ लिहिलं तर मार्क जास्त मिळतात का?

हा प्रश्न माझ्या भाचीचा. मी तिला सांगितलं होतं, आजोबांबद्दल लिहिते आहेस तर लिही, ते चाळीस वर्षं रोज पहाटे वाचनालय उघडायचे, तिथे हाच शब्द शोभतो. तिने आठवडाभर तो पाठ केला, वाक्यात बरोबर बसवला. पेपर परत आला तेव्हा शब्दाखाली लाल रेघ होती. एक ‘एस’ कमी पडला होता.